भाषणापूर्वीची तपासणी यादी : धीराने बोलण्याची पूर्वतयारी

व्यासपीठावर उभे राहिल्यानंतर शब्द न सुचणे हा अनुभव केवळ नवख्या वक्त्यांचा नाही. वक्तृत्व स्पर्धेत उतरलेला विद्यार्थी, देवस्थानच्या वार्षिक सभेत हिशेब मांडणारा कार्यवाह, ग्रामसभेत प्रथमच प्रश्न विचारणारी गृहिणी आणि निरोप समारंभात दोन शब्द बोलण्यास सांगितलेला निवृत्त शिक्षक, या सर्वांना तो कमीअधिक प्रमाणात येतो. विषय ठाऊक असतो, मतही पक्के असते. परंतु नाव पुकारले जाताच छाती धडधडू लागते आणि घरी सहज सुचलेले वाक्य नेमके त्या क्षणी आठवत नाही. परिणामी जे सांगायचे होते ते मनातच राहते. स्पर्धेत त्याची किंमत एखादे बक्षीस असते. ग्रामसभेत मात्र ती अधिक असते, कारण वाड्यावरच्या पाण्याचा किंवा डोंगरकापणीचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवलाच जात नाही.

या भीतीवर ‘आत्मविश्वास बाळगा’ हा उपदेश फारसा उपयोगी पडत नाही. आत्मविश्वास ठरवून आणता येत नाही. तयारी मात्र ठरवून करता येते. ती पद्धतशीर करण्याचे एक साधे आणि अन्य क्षेत्रांत कसोटीस उतरलेले साधन म्हणजे तपासणी यादी, अर्थात चेकलिस्ट. या यादीचा उगम, तिच्यामागील तत्त्व आणि भाषणाच्या तयारीत तिचा उपयोग यांचा हा परिचय.

भीतीचे स्वरूप

अनेकांच्या नजरा आपल्यावर खिळल्या आहेत ही जाणीव होताच शरीर संकटकाळची तयारी करू लागते. ॲड्रेनलिन हे संप्रेरक स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, तोंड कोरडे पडते, श्वास उथळ होतो आणि हातांना कंप सुटतो. ही लक्षणे त्रासदायक असली तरी ती दुर्बलतेची खूण नव्हेत. खरी हानी अन्यत्र होते. एका वेळी मनात धरून ठेवण्याची माणसाची क्षमता मर्यादित असते. त्यातला मोठा भाग ‘आता काय होईल’ या चिंतेने व्यापला की वाक्ये, नावे व आकडे यांना जागा उरत नाही. भाषण विसरले गेलेले नसते. ते त्या क्षणी हाताशी येत नाही, एवढेच.

थोरांनाही हे चुकलेले नाही. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी सकाळच्या सत्रात बोलण्याचे धाडस केले नाही. छातीत धडधडत होते आणि जीभ कोरडी पडली होती, असे त्यांनी स्वतःच पत्रात कळवले आहे. महात्मा गांधींनी आत्मकथेत आपल्या सभाभीतीचे प्रसंग मोकळेपणाने सांगितले आहेत. १८९१ साली लंडन सोडताना त्यांनी शाकाहारी मित्रांना मेजवानी दिली. त्या वेळचे छोटेसे भाषण त्यांनी जुळवून ठेवले होते. पण पहिल्या वाक्यापुढे त्यांना जाता आले नाही. आभार मानून ते खाली बसले.

त्याच आत्मकथेतील दुसरा प्रसंग तयारीच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. १८९६ साली दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची स्थिती मांडण्यासाठी मुंबईत सभा भरणार होती. आदल्या दिवशी सर फिरोजशहा मेहता यांनी गांधींना भाषण तयार आहे का, असे विचारले. आयत्या वेळी बोलण्याचा विचार आहे, असे उत्तर मिळताच मुंबईत तसे चालणार नाही, असे फिरोजशहांनी सांगितले आणि भाषण लिहून रातोरात छापून घेण्यास लावले. प्रत्यक्ष सभेत गांधींचा आवाज कापू लागला आणि तो मागेपर्यंत पोहोचेना. तेव्हा छापील प्रत हाती असल्यामुळे दिनशा वाच्छा यांनी ते भाषण वाचून दाखवले, सभा शांत झाली आणि विषय श्रोत्यांपर्यंत पोहोचला. वक्त्याची भीती त्या दिवशी गेली नव्हती. तरीही काम झाले, कारण भीती वाटली तर काय करायचे याची सोय आधीच झालेली होती. तपासणी यादीचे मर्म यातच आहे.

यादीचा उगम

तपासणी यादीचा इतिहास विमानविद्येपासून सांगण्याचा प्रघात आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात राइट फील्ड येथे बोईंग कंपनीच्या ‘मॉडेल २९९’ या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाची चाचणी होती. विमानाने उड्डाण केले, ते वेगाने वर चढले आणि कोसळले. वैमानिक मेजर प्लॉयर हिल आणि कंपनीचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर यांचा त्यात मृत्यू झाला. यंत्रात बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने हलू नये म्हणून शेपटीकडील नियंत्रक पृष्ठभागांना लावलेली कडी उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती. चूक अनुभवी माणसांच्या हातून झाली होती. म्हणून अधिक प्रशिक्षण हा त्यावरचा उपाय नव्हता. वैमानिकांनी उड्डाणापूर्वी आणि उतरण्यापूर्वी तपासायच्या गोष्टींच्या छोट्या याद्या तयार केल्या. तेच विमान पुढे ‘बी-१७’ या नावाने प्रसिद्धीस आले.

वैद्यकात ही पद्धत पुढे नेणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गवांदे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे वडील मूळचे विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याचे. गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची यादी प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून हलवण्यापूर्वी असे तीन थांबे तीत आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर, तर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

मात्र २०१४ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या पाहणीत, अशी यादी सक्तीने लागू केल्यानंतर लक्षणीय सुधारणा आढळली नाही. या दोन निष्कर्षांचा मेळ घालताना बहुतेक अभ्यासक एका गोष्टीकडे बोट दाखवतात : यादी असणे आणि यादी मनापासून वापरणे यांत अंतर आहे. केवळ खुणा करण्यासाठी केलेली यादी कागदच राहते. वक्त्यानेही हे लक्षात ठेवलेले बरे.

भाषणाला ती कशी लागू पडते

गवांदे यांनी याद्यांचे दोन प्रकार मानले आहेत. पहिल्यात एकेक कलम वाचायचे आणि त्याप्रमाणे कृती करायची. दुसऱ्यात काम आपल्या सवयीने करायचे आणि नंतर थांबून काही राहिले नाही ना, हे पडताळायचे. भाषणाच्या तयारीत दोहोंना स्थान आहे. सामान बांधणे व सभागृह पाहणे यांसाठी पहिला प्रकार योग्य. मजकूर लिहिण्यासाठी दुसरा. लेखन यादी समोर ठेवून होत नसते, पण लिहून झाल्यावर पडताळा अवश्य घेता येतो.

आपल्याकडील कीर्तनाच्या परंपरेला ही शिस्त नवी नाही. नारदीय कीर्तनात नमन, पूर्वरंगातील निरूपण, मध्यंतरीचा नामगजर, उत्तररंगातील आख्यान आणि अखेरची आरती हा क्रम ठरलेला असतो. पुढे काय यायचे याचा विचार कीर्तनकाराला उभ्या उभ्या करावा लागत नाही, म्हणूनच समोरच्या श्रोत्यांकडे पाहून दृष्टान्त बदलण्याची मोकळीक त्याला मिळते. चौकट पक्की असली की आतले बोलणे मोकळे होते. यादीने भाषण यांत्रिक होईल, या शंकेचे उत्तर येथे मिळते.

यादी करताना चार पथ्ये पाळावीत. एका थांब्यासाठी पाच ते नऊ कलमे पुरेत. प्रत्येक कलम कृतीचे असावे. ‘शांत राहणे’ हे कलम नव्हे, ‘तीन दीर्घ श्वास सोडणे’ हे कलम आहे. यादी कागदावर असावी, कारण मोबाइल ऐन वेळी वाजतो किंवा बंद पडतो. आणि प्रत्येक भाषणानंतर ती दुरुस्त व्हावी.

पहिला थांबा : आमंत्रण स्वीकारताना

१. नेमका विषय आणि प्रसंग कोणता?
२. किती मिनिटे बोलायचे आहे? ‘थोडेसे बोला’ या उत्तरावर समाधान मानू नये, आकडा मागावा.
३. श्रोते कोण व साधारण किती?
४. आधी आणि नंतर कोण बोलणार?
५. बोलण्यानंतर श्रोत्यांनी काय लक्षात ठेवावे किंवा करावे? हे एका वाक्यात लिहावे.

पाचव्या कलमाचे उत्तर लिहिता येत नसेल तर भाषणाचा विषय अद्याप निश्चित झालेला नाही, असे समजावे.

दुसरा थांबा : मजकूर झाल्यावर

१. ते एक वाक्य भाषणात स्पष्टपणे आले आहे का?
२. मुख्य मुद्दे तीनपेक्षा अधिक झाले नाहीत ना?
३. प्रत्येक मुद्द्याला एखादे उदाहरण आहे का?
४. नावे, सनावळ्या व आकडे मूळ ठिकाणी पुन्हा पाहिले का?
५. पहिले व शेवटचे वाक्य शब्दशः लिहून पाठ केले का?
६. मोठ्याने वाचून, घड्याळ लावून वेळ मोजली का?
७. वेळ अर्धी झाली तर कोणता भाग गाळायचा, तेथे खूण केली का?

इंग्रजी पुस्तकांत मिनिटाला अमुक शब्द असा हिशेब दिलेला असतो. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडली जात असल्याने शब्द लांबतात; म्हणून तो हिशेब तसाच घेऊ नये. स्वतःच्या आवाजात, उभे राहून घेतलेली वेळ हेच खरे माप. सातवे कलम आपल्याकडील समारंभांत विशेष गरजेचे ठरते. दीपप्रज्वलन, स्वागत, हारतुरे आणि पाहुण्यांचा परिचय लांबला की मुख्य वक्त्याच्या वाट्याची वेळच आटते.

संपूर्ण भाषण पाठ करण्याचा मोह टाळावा. पाठांतराच्या साखळीतील एक कडी निसटली की पुढचे सारे निसटते. त्यापेक्षा दोन्ही टोकांची वाक्ये पक्की आणि मधले मुद्दे एकेका शब्दात कागदावर, ही पद्धत अधिक सुरक्षित आहे.

तिसरा थांबा : आदल्या दिवशी

१. टिपणाच्या दोन प्रती. ठळक व मोठी अक्षरे, पानांवर क्रमांक.
२. चष्मा, पाण्याची बाटली, पेन, हातरुमाल.
३. पाहुण्यांची नावे व पदे, उच्चारांसह.
४. कपडे तयार; नवी चप्पल किंवा बूट नकोत.
५. जाण्याचा मार्ग व निघण्याची वेळ. पावसाळ्यात अर्धा तास अधिक धरावा.
६. उभे राहून एकच पूर्ण सराव, शक्यतो घरातल्या एका माणसासमोर.
७. त्यानंतर मजकुरात बदल नाही.

दुसरी प्रत विश्वासू माणसाकडे द्यावी. १८९६ च्या मुंबईतील सभेची आठवण येथे पुरेशी आहे.

चौथा थांबा : सभास्थानी

१. श्रोते येण्यापूर्वी व्यासपीठावर उभे राहून शेवटची रांग पाहिली.
२. ध्वनिक्षेपक चालू-बंद कसा होतो हे पाहिले. त्याची उंची जुळवली.
३. टिपण ठेवण्यासाठी जागा व पुरेसा उजेड आहे का, हे पाहिले.
४. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडणार नाहीत याची सोय केली.
५. सूत्रसंचालकाकडून आपला क्रम व वेळ पुन्हा विचारून घेतली.
६. मोबाइल बंद केला.

देवळाचा सभामंडप, पत्र्याच्या छपराची शाळा आणि रवींद्र भवनातील बंदिस्त सभागृह यांत आवाजाचे गणित वेगळे असते. सभामंडपात आवाज घुमतो, म्हणून शब्द सावकाश उच्चारावे लागतात. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की मोठ्याने बोलण्यापेक्षा क्षणभर थांबणे शहाणपणाचे ठरते.

पाचवा थांबा : शेवटची पाच मिनिटे

१. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ देत पाच श्वास.
२. खांदे व जबडा सैल.
३. पाण्याचा एक घोट.
४. पहिले वाक्य मनात एकदा.
५. उभे राहिल्यावर एका ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून, क्षणभर थांबून प्रारंभ.

संथ उच्छ्वासामुळे हृदयाची गती उतरण्यास मदत होते. त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी मानसशास्त्राने दाखवल्या आहेत. केनेथ सॅवित्स्की व थॉमस गिलोविच यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की वक्त्याला आपली घाबरगुंडी जेवढी उघड वाटते तेवढी ती श्रोत्यांना दिसत नाही. आणि ही गोष्ट आधी समजावून सांगितलेल्या वक्त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली दाखवले, की धडधड दाबून ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरते. म्हणून शांत तयारीचा अर्थ छाती धडधडू न देणे असा नाही. धडधड असूनही हातचे काम न चुकणे असा आहे.

अडचणींची यादी

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘जर-तर’ स्वरूपाच्या संकल्पांचा अभ्यास केला. ‘मी नीट वागेन’ या सर्वसाधारण निश्चयापेक्षा ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ हा निश्चय अधिक वेळा अंमलात येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वक्त्याने पुढील निश्चय आधीच लिहून ठेवावेत.

- मुद्दा विसरला, तर आधीचे वाक्य पुन्हा म्हणून टिपणाकडे उघडपणे पाहीन.
- वीज गेली, तर व्यासपीठाच्या पुढच्या कडेला येऊन मोठ्या आवाजात केवळ समारोप करीन.
- आधीच्या वक्त्याने माझाच मुद्दा मांडला, तर त्याचा उल्लेख करून माझे उदाहरण तेवढे सांगेन.
- चिठ्ठी आली, तर खूण केलेला भाग गाळून शेवटच्या वाक्यावर येईन.
- उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न आला, तर ‘माहिती घेऊन कळवतो’ एवढेच सांगेन आणि प्रश्न लिहून घेईन.

ग्रामसभेसाठी छोटी यादी

ग्रामसभेत बोलणाऱ्याला ना हार मिळतो ना परिचय. कित्येकदा दोन मिनिटेही मिळत नाहीत. तेथे पाच कलमे पुरेशी आहेत. नाव व प्रभाग सांगणे. एकच प्रश्न निवडणे. तारीख, जागा वा अर्जाचा क्रमांक कागदावर ठेवणे. नेमकी मागणी एका वाक्यात मांडणे. आणि हा मुद्दा इतिवृत्तात नोंदवावा, अशी स्पष्ट विनंती करणे. मागणी लेखी स्वरूपात सोबत असेल तर आवाज कापला तरी ती सचिवांच्या हाती देता येते. गोंधळात आवाज चढवण्याची गरज अशा वक्त्याला क्वचितच भासते.

भाषणानंतर

घरी परतल्यावर त्याच दिवशी तीन ओळी लिहाव्यात : काय साधले, काय राहिले, यादीत काय बदलावे. टाळ्या किंवा त्यांचा अभाव यांवरून निर्णय घेऊ नये. पहिल्या थांब्यावर लिहिलेले ते एक वाक्य एखाद्या श्रोत्याला आठवते का, हे विचारावे. चार-पाच प्रसंगांनंतर यादी आपोआप आखूड होते, कारण काही कलमे अंगवळणी पडलेली असतात. उरतात ती आपली खरी कच्ची ठिकाणे.

यादीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. विषयाचा अभ्यास नसेल तर ती तो भरून काढत नाही. बोलण्याच्या भीतीमुळे शिक्षण किंवा नोकरीच अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा; त्यात कमीपणा नाही. आणि लहान मुलांच्या हाती यादी देताना ती परीक्षेचे ओझे होणार नाही, याची काळजी पालकांनी व शिक्षकांनी घ्यावी.

गोव्यात या विषयाला आणखी एक अर्थ आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया भर पावसात सभेला उभे राहिले, तेव्हा प्रश्न मुळातच सभा भरवून बोलण्याच्या हक्काचा होता. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अटक केली. तो दिवस आपण क्रांतिदिन म्हणून पाळतो आणि त्या दिवशी शाळाशाळांतून मुले भाषणे करतात. बोलण्याचा हक्क त्या पिढीने मिळवून दिला. तो हक्क भीतीपोटी न वापरता राहू नये, एवढी तयारी मात्र ज्याची त्याने करायची आहे. तिला लागते ती कागदाची एक घडी आणि थोडी आगाऊ सवड.